लाल ठिपक्याचा सेल

वसीलाबद्दल वाईट बोलणारं माणूस अल्जीरियातल्या आमच्या आख्ख्या त्लेमसेनमध्ये शोधून सापडणार नाही, एक मला सोडलं तर. म्हणून तिची हकीकत मीच सांगितलेली बरी. बाकीच्या बायका नुसतं कौतुक करत सुटतील, आणि कौतुकातून काय कळतं? मी तिला वीस वर्षं जवळून पाहतेय. पाहवत नाही, तरी पाहतेय.

ती आमच्या फोटोच्या दुकानात पहिल्यांदा आली तेव्हा पस्तिशीची असेल. नवरा कामासाठी फ्रान्सला, मार्सेलला गेला तो गेलाच. आधी पत्रं यायची, मग नुसते फोन, मग काहीच नाही. ही इकडे सासूला सांभाळत अगादिर मोहल्ल्यात दोन खोल्यांत राहायची आणि नवऱ्या मुलींच्या मखमली कपड्यांवर जरीचं भरतकाम करायची. बारीक कामानं डोळे गेले म्हणून दुसरं काहीतरी काम मागत आली. राखाडी कोट, कायमचा खोकला, आणि चहा बिनसाखरेचा. बिनसाखरेचा चहा पिणारी बाई मला मुळातच आवडत नाही. पण मला लग्नात दिवा धरायला कुणीतरी हवं होतं, आणि तिच्या हाताला थरथर नव्हती.

तेव्हा लग्नात फोटो काढणारी बाई म्हणजे शहरात मी एकटी होते. माझा नवरा गौती मोठ्या मशिदीमागच्या गल्लीत स्टुडिओ चालवायचा, पण बायकांच्या हॉलमध्ये त्याला कोण येऊ देणार? तिथे बायका डोक्यावरचं उतरवून, केस सोडून नाचतात. त्यामुळे कॅमेरा माझ्या गळ्यात. अडचण एवढीच होती, की रोल शेवटी गौतीच धुवायचा, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी कॅमेरा उचलला की अर्ध्या बायका डोकं झाकायच्या आणि उरलेल्या पाठ फिरवायच्या. मग डिजिटल कॅमेरा आला. रोल नाही, धुणारा पुरुष नाही, घरच्या घरी मीच छापायचे. माझं काम दुपटीनं वाढलं. तेव्हा मी खूष होते, हे कबूल करते.

पण त्या पहिल्या कॅमेऱ्याला एक दुखणं होतं. त्याला चार पेन्सिल सेल लागायचे आणि तो ते शेंगदाण्यासारखे खायचा. आमच्याकडे नवरी एका दुपारी सहा-सात पोशाख बदलते. प्रत्येक पोशाखात सजून बाहेर येते, खुर्चीवर बसते, बायका बघतात, पुन्हा आत जाते. तिसऱ्या पोशाखाला माझे सेल डोळे मिटायचे. मी बाजारातून पिशवी भरून सेल नेऊ लागले. चाललं असतं तेही, पण फोटो काढण्यात सेल संपतच नव्हते, संपत होते ते दाखवण्यात. फोटो काढला, की माझ्याभोवती घोळका.

"दाखव गं, मी आले का त्यात?"

"मागे कोण आहे ती? मीच ना? पूस, पूस. माझ्या दिरानं बघितलं तर घर डोक्यावर घेईल."

"आधीचा दाखव. त्याच्या आधीचा."

छोटा पडदा सारखा पेटलेला. शंभर फोटो काढायचे तिथे पन्नास होत, आणि पन्नासातले वीस तिथेच पुसायला लागत. बरं, नाही म्हणायची सोय नव्हती. कॅमेरा नवा असतानाच एका बाईला मी घाईघाईत सांगितलं होतं, "नाही आलात हो तुम्ही." तिच्यामागे रांग लागली होती, मी तरी किती बघणार? ती अल्बममध्ये निघाली. केस मोकळे, हात वर, तोंड उघडं. आणि अल्बम नेमका तिच्या सासऱ्यानं उघडला. एकदाच झालं हे. एकदाच! पण तेव्हापासून माझा शब्द कुणी घेईना. जिला तिला डोळ्यांनी बघायचं असायचं.

तीन वर्षांनी मी नवा कॅमेरा घेतला, स्वतःची चांगली बॅटरी असलेला, आणि जुना वसीलाला देऊन टाकला. लोकांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. मन कसलं मोठं? माझीच गिऱ्हाइकं तिला 'तूच काढ फोटो' म्हणायला लागली होती, आणि मला ते डोळ्यांत खुपत होतं. म्हटलं, घे बाई हे दुखणं. दोन लग्नांत तोंडघशी पडशील आणि मुकाट्यानं माझा दिवा धरायला परत येशील.

ती परत आली नाही.

वर्षभरानं शेजारणीच्या मुलीच्या लग्नाला मी पाहुणी म्हणून गेले, तर फोटोला वसीला. मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसले. म्हटलं, तिसरा पोशाख येऊ दे, मग गंमत बघू. तर या बाईनं कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर काळी चिकटपट्टी लावलेली! वरच्या चिमुकल्या खिडकीला डोळा लावायची, श्वास धरायची, आणि एक फोटो. मग कॅमेरा बंद. फ्लॅशही नाही, नवरीची खुर्चीच तिनं आधी येऊन खिडकीशी सरकवून घेतली होती. पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलांचे चार-चारचे तीन संच, प्रत्येक सेलावर नखांना लावायच्या रंगाचा ठिपका: तपकिरी, गुलाबी, लाल. एका संचातला सेल दुसऱ्यात जाता कामा नये. "चौघांतला एक मेला, की बाकीचे तिघं त्याला ओढता ओढता दमतात, लल्ला," हे तिनं मलाच समजावलं, वर लल्ला, म्हणजे बाईसाहेब, म्हणून. माझ्याच कॅमेऱ्याबद्दल, मलाच. थंडीचे दिवस, म्हणून पुढचा संच लोकरी मोज्यात घालून कमरेला, अंगाच्या उबेत.

हे सगळं मी सहन केलं असतं. युक्त्या काय, कुणालाही सुचतात. पण मग एक लठ्ठशी बाई नाचता नाचता थांबली आणि ओरडली, "वसीला! आले का गं मी त्यात?"

"आलात, लल्ला. अर्धा चेहरा, नवरीच्या खांद्यामागे."

"अगं बाई. मग?"

"पुसते." तिनं पट्टीचं टोक उचललं, दोन बटणं दाबली, पट्टी परत चिकटवली. "पुसला."

आणि ती बाई पुन्हा नाचायला लागली. 'दाखव' म्हणाली नाही. एकही बाई 'दाखव' म्हणाली नाही! विचारायच्या, उत्तर ऐकायच्या आणि जायच्या. नवरीचा चांगला आलेला फोटो असला तरी ती सरळ पुसायची आणि दुसरा काढायची. सातव्या पोशाखापर्यंत तो मरतुकडा कॅमेरा जिवंत होता. माझ्या पिशवीत तेव्हा कोऱ्या करकरीत दोन बॅटऱ्या असायच्या, आणि तरी त्या मला पुरत नसत. त्या दुपारी मला बदामाची मिठाई गोड लागली नाही.

घरी येऊन मी गौतीसमोर तिचा उद्धार केला, तर तो म्हणतो कसा, "तिच्या फोटोत बायका हसतात. तुझ्या फोटोत स्वतःला शोधत असतात." त्या रात्री त्याला हरीराचं सूप अळणी मिळालं.

असं म्हणतात की सवय होते. मला झाली नाही. तिची सासू वारली तेव्हा अर्धं शहर सांत्वनाला गेलं, मी दारात माणसं मोजत बसले. तिनं कधी माझ्याबद्दल वावगा शब्द काढला नाही, जाईल तिथे सांगायची, "मला लल्ला रशीदांनी शिकवलं." त्याचाही मला राग यायचा. भांडली असती तर बरं झालं असतं.

मग माझ्या शाहिनाजचं लग्न ठरलं, ओरान शहरातल्या एका घरात. मी मनात सगळं मांडून ठेवलं होतं. कुठला पोशाख कुठल्या बाजूनं घ्यायचा, आणि शेवटी शेद्दा. शेद्दा म्हणजे आमच्या त्लेमसेनच्या नवरीचा खरा साज: जरीनं जड झालेली मखमल, गळ्यापासून कमरेपर्यंत मोत्यांच्या माळाच माळा, डोक्यावर उंच टोकदार टोपी, गालांवर रंगानं काढलेली वर्तुळं. बाकी सगळे फोटो अल्बममध्ये जातात. शेद्द्याचा भिंतीवर लागतो आणि जन्मभर राहतो. शंभर मुलींचा तो फोटो मी काढला होता. माझ्या मुलीचा मीच काढणार, हे काय कुणाला सांगायला हवं होतं?

"यम्मा," शाहिनाज म्हणाली, "एक बोलू? चिडू नकोस."

"मी कधी चिडते?"

"फोटो खाल्ती वसीलाला काढू दे."

खाल्ती, म्हणजे मावशी! मी मटार सोलत होते. सोलत राहिले.

"तू त्या दिवशी आई आहेस," ती म्हणाली. "नवरीची आई हातात कॅमेरा घेऊन पळत सुटते का कुठे?"

"हे तुझं डोकं नाही. कुणी भरवलं?"

तिनं माझ्यापुढची एक शेंग उचलली. मग म्हणाली, "सासूबाईंचा फोन होता. त्यांच्या सुना म्हणतायत, वसीला असेल तर आम्ही मोकळेपणानं नाचू. नाहीतर डोकी झाकून बसून राहू."

म्हणजे हिचं नाव ओरानपर्यंत पोचलं होतं! आणि माझी ती एक चूकही बहुतेक तिच्या शेजारच्याच आसनावर बसून पोचली असणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "बरं." आणि शाहिनाजनं माझ्या गळ्यात हात टाकले, कारण तिला वाटलं मी खरंच बरं म्हणाले.

लग्न मार्चच्या सुट्टीत होतं. बाहेर पाऊस आणि हाडं गोठवणारी थंडी. सकाळी नऊ वाजता वसीला दारात, कोट भिजलेला.

"लल्ला रशीदा, आमच्या मोहल्ल्यात काल संध्याकाळपासून वीज नाही. सेल तसेच राहिलेत. तुमच्याकडे चार्जर लावू का? लाल संच तेवढा जपा. तो सगळ्यात जास्त टिकतो, शेद्द्यासाठी ठेवलाय."

"ठेव की. विचारायचं काय त्यात?"

"तुमच्या हातात दिलेत, मला आता काळजी नाही," ती म्हणाली, आणि हॉलमधली खुर्ची खिडकीशी लावून घ्यायला निघून गेली.

हेच नको होतं मला. शहर हिच्यावर विश्वास ठेवतं, आणि ही माझ्यावर. जणू तिच्याकडे तो इतका उतू चाललाय की वाटला तरी सरत नाही.

मी सेल चार्जरला लावले. दुपारपर्यंत सगळे संच भरले. खरं सांगते, तोवर माझ्या मनात काही नव्हतं. मग शाहिनाजच्या खोलीत गेले तर तिच्या नखांना लावलेल्या लाल रंगाची बाटली आरशासमोर उघडी होती. स्टुडिओच्या खणात त्याच जातीचे मेलेले सेल पडून होते, टाकायचे राहिलेले. मी एक उचलला. त्यावर एक ठिपका दिला. फुंकर मारून वाळवला. तो लाल संचात गेला आणि त्याच्या जागचा चांगला सेल मी माझ्या चोळीत, छातीशी ठेवला. एवढंच. दोन मिनिटंही लागली नाहीत. शेद्द्याच्या वेळी कॅमेरा बंद पडेल, ओरानच्या बायका बघतील, आणि मग कुणीतरी म्हणेल, अगं रशीदाला बोलवा. माझा कॅमेरा मी घरी ठेवला नव्हता. हॉलच्या दारात, सगळ्यांचे मोबाइल आणि कॅमेरे काढून घेऊन ठेवलेल्या टोपलीत, तळाशी होता.

दुपारभर वसीलानं आपलं ते काम केलं. डोळा लावला, श्वास धरला, फोटो, बंद. तपकिरी संच तीन पोशाख पुरला, गुलाबी तीन. ओरानच्या सुना केस सोडून नाचत होत्या. माझी विहीण लल्ला बहिजा माझ्या शेजारी बसून म्हणाली, "काय बाई आहे! माझा धाकटीच्या लग्नातला फोटो हिनं काढला असता तर." मी तिला चहा वाढला.

मग शेद्दा. नवरी सजवणाऱ्या बाईनं शाहिनाजला धरून आणलं. त्या वजनाखाली ती पाऊल मोजून टाकत होती. नजर खाली, गालांवर वर्तुळं. बायकांनी जीभ वळवून असा गजर केला की खिडक्या वाजल्या. माझी मुलगी. पण माझे डोळे वसीलाकडेच होते.

तिनं लाल संच घातला. कॅमेऱ्याचं भिंग बाहेर आलं, आत गेलं, आणि तो मिटला. तिनं पुन्हा चालू केला. पुन्हा मिटला.

मला आनंद झाला. लपवत नाही. इतक्या वर्षांत तिला हॉलच्या मधोमध अशी रिकाम्या हातांनी उभी मी पाहिली नव्हती.

"काय झालं?" लल्ला बहिजा. "काय झालं गं?"

बाहेर मुलाकडच्यांच्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. शेद्दा घालून कुणी तासभर बसू शकत नाही, मान मोडते. शाहिनाजनं नजर वर केली. नवरीनं करायची नसते, पण तिनं केली, आणि तिचा खालचा ओठ लहानपणी थरथरायचा तसा थरथरला. ती माझ्याकडे बघत नव्हती. तीही वसीलाकडेच बघत होती.

टोपलीतला माझा कॅमेरा आणा म्हणायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलं, आणि लल्ला बहिजाची थोरली सून झटकन ओढणी शोधायला लागली. मी अजून एक शब्दही बोलले नव्हते; नुसती उठत होते. ते पाहूनच तिच्या शेजारचीनं डोकं झाकलं, मग तिच्या पलीकडचीनं. मी तिथेच थिजले.

वसीलानं सेल तळहातावर काढले. तीन ठिपके झिजलेले, वापरून फिके पडलेले, चौथा चकचकीत. तिनं तो जरा वळवून पाहिला. मग शाहिनाजच्या नखांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. फार वेळ नाही, एखादा दिवा मी तिला देताना ती जेवढी पाहायची तेवढंच.

"वसीला, झालंय काय?" लल्ला बहिजानं पुन्हा विचारलं.

"थंडी, लल्ला," वसीला म्हणाली. "थंडीत सेल बसतात."

आणि सगळ्यांनी ते मानलं. कुणी का मानू नये? ती बाई आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती.

तिनं गुलाबी संचातला एक थकलेला सेल उचलला आणि काखेत धरला. डफ वाजवणाऱ्या बायकांना म्हणाली, "एक गाणं होऊ दे. लहान नको, मोठं." त्या गायल्या. ती डोळे मिटून उभी, काखेत सेल. शाहिनाज मोत्यांखाली घामेजलेली. माझा हात आपोआप छातीवर गेला. आत तो सेल लागत होता, गरम झालेला. काढून द्यायचा होता मला. 'अगं, हा बघ, खाली पडला होता' एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण मग तिनं विचारलं असतं, कुठे? आणि मी काय सांगितलं असतं? गाणं संपत आलं. मी घट्ट मूठ केली, चोळीवरून.

वसीलानं तो ऊबदार सेल बाकीच्या तिघांबरोबर घातला.

"एकच निघेल," ती म्हणाली. "नवरीनं हलायचं नाही. लल्ला रशीदा, तुम्ही या. मुलीच्या शेजारी उभ्या राहा."

"मी? नको, नको. एकटीचाच घे."

"या ना. आईशिवाय कसा काढू?"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी गेले. शाहिनाजच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले, हात तसाच छातीवर, काढायचं सुचलं नाही. शाहिनाजनं हळूच मान कलती करून टोपीचं टोक माझ्या डोक्याला टेकवलं. वसीलानं श्वास धरला. कॅमेरा वाजला आणि मेला.

तो फोटो आज ओरानला शाहिनाजच्या बैठकीत भिंतीवर आहे, मोठा करून, सोनेरी चौकटीत. शेद्द्यातला तिचा एकच. आल्यागेल्याला ती दाखवते: "बघा ना यम्मा. मला निरोप देताना हात कसा काळजावर ठेवलाय." बायका डोळे पुसतात. माझ्या विहिणीनं तर एकदा त्या फोटोवरून आपल्या सुनांना बोल लावले, आईची माया म्हणजे काय ते बघा म्हणून.

वसीला अजून लग्नांना जाते. आता तिच्याकडे बरा कॅमेरा आहे, पण काळी पट्टी तशीच. रस्त्यात भेटली की "कशा आहात, लल्ला?" विचारते, खोकते आणि पुढे जाते. तिनं त्या सेलाबद्दल एका शब्दानं विचारलेलं नाही. मी परत केला नाही. मला त्या वेळी तिनं मुलीशेजारी उभं केलं, तो सूड होता की दया, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही, आणि दोन्हीचा सारखाच राग येतो.

जन्मभर मी दुसऱ्यांचे फोटो काढले, माझे स्वतःचे दहासुद्धा नसतील. त्यातला चांगला असा एकच आहे. त्यात मी माझ्या मुलीची आई दिसते. आणि तो हिनं काढलाय.